आंबटशौकीन

बॅगेत टॉवेल, टॉवेलात स्वेटशर्ट आणि स्वेटशर्टात एक बाटली. मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी कसारा लोकलमध्ये स्वेटशर्ट घेऊन चाललेल्या दोन मुली बघून समोरच्या काकू जे काय समजल्या असतील ते असो. बाटली ब्रसेल्सहून आली होती. आणणारी माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली. प्रोजेक्टसाठी तीन महिने ऑनसाइट जाऊन आली आणि तेव्हापासून आम्ही तिला 'ब्रसेल्सवाली' म्हणतो. येताना लोक चॉकलेटं आणतात. तिनंही आणली, पण ती टीम लीडला. मला म्हणाली, "तुझ्यासाठी वेगळी गंमत आहे. पण ती एसी बारमध्ये, टीव्हीवर मॅच चालू असताना उघडायची नाही. झाडं पाहिजेत आजूबाजूला."

झाडं म्हटल्यावर माझ्याकडे एकच पत्ता. मामा. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे.

आता खरं सांगते, कारण हा कॉलम वाचणाऱ्यांशी खोटं बोलून मला काही मिळत नाही. झाडं हे निमित्त होतं. मामाच्या घरामागे दोन एकरांचा माळ आहे, सात-बारावर मामाच्या बरोबरीनं आईचंही नाव आहे. माझा कल्याणचा वन बीएचके डाउन पेमेंटपाशी अडकलाय. ब्रसेल्सवालीच्या दादाला 'शहराजवळ पण शहराबाहेर' असा वीकेंड प्लॉट हवाय. आई म्हणाली, "दाखवून तर आण." मामाला यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी भाची कमी आणि ब्रोकर जास्त होऊन निघाले होते. वर ब्रोकरेज म्हणून बिअर!

ठाणे ते आसनगाव असा साधारण तासभर माझा क्लास घेण्यात आला. बाटलीतली चीज म्हणजे 'क्रीक'. बेल्जियममध्ये आंबट चेरी घालून लाकडी पिंपात मुरवलेली बिअर. आपण जिला बिअर म्हणतो ती बनते आठवड्या-दोन आठवड्यांत. स्वच्छ स्टीलच्या टाक्या, मोजून घातलेलं यीस्ट, सगळं ऑपरेशन थिएटरसारखं. क्रीक ज्यापासून होते त्या 'लँबिक'चा कारभार बरोबर उलटा. बार्लीचं माल्ट आणि कच्चा गहू शिजवून काढलेलं गोड पाणी थंडीच्या दिवसात माळ्यावरच्या एका उथळ, लांबरुंद तांब्याच्या परातीत रात्रभर उघडं ठेवतात. खिडक्यांच्या फटीतून गार वारा येतो आणि त्याच्याबरोबर, शिवाय छपराच्या तुळयांवरून, जे काही जंतू पडायचे ते पडतात. यीस्ट म्हणून वेगळं काही घालायचंच नाही. सकाळी ते पाणी ओकच्या पिंपांत जातं. ही पिंपं बहुतेक आधी वाइनची असतात. त्यांत एक, दोन, कधी तीन वर्षं. मग उन्हाळ्यात चेरी येतात तेव्हा त्या अख्ख्या, बियांसकट पिंपात घालायच्या आणि पुन्हा काही महिने वाट बघायची.

"म्हणजे इडलीचं पीठ," मी म्हटलं.

"काय?"

"इडलीच्या पिठात कोण यीस्ट घालतं? रात्री ठेवतो, सकाळी फुगतं."

ती जरा हिरमुसली. पण हळूच मान्यही केलं. फरक एवढाच, की आपल्या पिठाला एक रात्र पुरते आणि त्यांच्या पिठाला तीन वर्षं लागतात.

आमची बाटली ज्या घरची, त्या कँतियाँ नावाच्या ब्रुअरीचं ब्रसेल्सच्या आंदरलेख्त भागात १९०० सालापासून बस्तान आहे. १९७८ पासून तिथं चालतं-बोलतं म्युझियमही आहे, तिकीट काढून आत जायचं, पिंपांच्या मधून फिरायचं. ब्रसेल्सवालीला सगळ्यात आवडली ती कोळिष्टकं. तिथं कोळ्याचं जाळं झाडत नाहीत. फळांवर चिलटं येतात, चिलटांना कोळी खातो, म्हणून कोळी हा जवळजवळ स्टाफवरच! (आमच्या ऑफिसात एचआरचं असंच काहीसं आहे, पण तो विषय पुन्हा कधी.)

आसनगावला उतरलो. समोर माहुलीचे वजीर, नवरा, नवरी असे सगळे सुळके धुरकट उभे. आणि प्लॅटफॉर्मवर पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बायका. "डोंगरची काळी मैना" ही आरोळी ऐकली की माझं वय आपोआप आठ होतं. दोन द्रोण घेतले. ब्रसेल्सवालीनं आयुष्यात पहिल्यांदा झाडावरून आलेलं करवंद खाल्लं. तोपर्यंत तिला करवंद म्हणजे केकवरची लालभडक गोड गोळी, जी चेरी म्हणून खपवतात! करवंदं पाकात घालून, रंगवून त्यांची 'चेरी' करायची हा आपल्या बेकऱ्यांचा जुना उद्योग आहे. म्हणजे आपल्याकडच्या चेरीचं खरं आडनाव करवंदच. ओठाला चीक चिकटला, तिनं तोंड वेडंवाकडं केलं, बी थुंकली आणि पुढचं उचललं.

जीपमध्ये आठ जणांच्या जागेत बारा जण. खिडकीतून दर अर्ध्या किलोमीटरला एक बोर्ड. ग्रीन हे, व्हॅली ते, लेक व्ह्यू अमुक. लेक कुठे दिसत नव्हतं, पण व्ह्यू होता. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. तेव्हापासून इथल्या प्रत्येक माळाकडे कोणी ना कोणी गाडी थांबवून बघतं, असं मामा फोनवर वैतागून सांगत असतो. आज त्याची भाचीच बघायला येत होती.

मामा झेडपीच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेला. दारात उभा. "काय गं, वजन कमी झालंय तुझं," हे त्याचं कायमचं वाक्य, मी कितीही जाडी झाले तरी. मैत्रिणीची चौकशी झाली, गाव कोणतं, वडील काय करतात. मामीनं पाण्याचे तांबे पुढे केले आणि जाताजाता म्हणाली, "अंगाला जरा बेतानं घ्या गं. वरच्या पाड्यावर टँकर लागलाय, आपल्या विहिरीवरून चार हंडे जातात त्यांना."

ब्रसेल्सवालीनं मला विचारलं, इथं तर धरण आहे ना? आहे ना. एक नाही. भातसा आणि तानसा याच तालुक्यातली. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी येतं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. म्हणजे लोअर परळला किंवा अंधेरीला शुक्रवारी रात्री जी ताजी क्राफ्ट बिअर आपण हौसेनं मागवतो ती तिथंच गाळलेली असेल तर तिचं माहेर शहापूरच! आणि शहापूरच्या पाड्यांवर मार्च उलटला की टँकर. दर वर्षी. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण पाहुणीला समजावून सांगताना ते वाक्य तोंडातून नीट बाहेर येईना.

बाटली थंड करायचा प्रश्न आला. क्रीक बर्फगार प्यायची नसते, तळघरातल्या गारव्याएवढी, म्हणजे बारा-चौदा डिग्री पुरे. फ्रिज होता, वीज नव्हती. मामीनं ओलं पोतं गुंडाळून बाटली माठाच्या बुडाशी टेकवून ठेवली. "सरबत आहे का?" तिनं विचारलं. मी "हो, चेरीचं," म्हटलं आणि ब्रसेल्सवाली खोकायला लागली.

मामा मास्तर होता, मूर्ख नव्हता. जेवणं झाल्यावर ओटीवर बसला आणि म्हणाला, "बुचाला तार बांधलेलं सरबत मी पहिल्यांदाच बघतोय. आणा बाहेर."

कोणी ओरडलं नाही. मामा स्वतः घेत नाही. तरुणपणी घ्यायचा, मोहाची, असं आई सांगते. मग एके दिवशी सोडली, का ते कोणी सांगत नाही. त्यानं फक्त एवढंच केलं, माजघराचं दार लोटून घेतलं.

पांढऱ्या वाइन ग्लासचा आग्रह धरणाऱ्या ब्रसेल्सवालीला शेवटी चहाचे काचेचे ग्लास मिळाले. लोकलमध्ये आणि जीपमध्ये घुसळून निघालेली बाटली, त्यात बाटलीत पुन्हा आंबलेली. बूच असं उडालं की कौलावरची चिमणी उडाली. पाव ग्लास तर शेणानं सारवलेल्या जमिनीनंच प्यायला.

रंग आधी. आळत्याचा म्हणा किंवा रातांब्याचा, उजेडात धरला तर कडेला जरा विटकरी. वर गुलाबी फेस, पण टिकत नाही, सोड्यासारखा बसतो. वास घेतला आणि मी थेट मामाच्या गोठ्यात. खोटं नाही सांगत! घोडा, चामडं, ओलं लाकूड, जुन्या ट्रंकेतली गोधडी. हे सगळं करणारं यीस्ट ब्रेटानोमायसिस. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञानं ते इंग्लिश बिअरमध्ये शोधून काढलं. नावाचा अर्थच 'ब्रिटिश बुरशी'. वाइनवाले त्याला घाबरतात, लँबिकवाले त्याला पाहुण्यासारखं बोलावतात. गोठ्याच्या वासामागून हळूच बदाम येतो. तो बदाम नसतो, चेरीच्या बियांची करणी असते. बिया काढून टाकल्या तर तो येत नाही.

आणि चव? पहिला घोट हा अपघात असतो. कोल्ड्रिंकच्या सवयीची जीभ गोडाची वाट बघत असते आणि गोड येतच नाही. साखर सगळी त्या जंतूंनी वर्षभरात खाऊन टाकलेली. डोळे मिटतात, गालाच्या आत कोणीतरी चिमटा काढतं. दुसऱ्या घोटाला आमसूल. तिसऱ्याला करवंदाचं साल, तोच तुरटपणा, दातांना लागणारा. चेरीच्या सालीचा आणि ओकच्या लाकडाचा. मग हळूच आत खोल कुठेतरी फळ, गोड नाही पण पिकलेलं. चौथ्या घोटापासून तुम्ही आंबटशौकीन. (शब्दाचा दुसरा अर्थ मला माहीत आहे, पत्रं पाठवू नयेत.) अल्कोहोल साडेपाच-सहा टक्के, म्हणजे डोक्यात जाण्याआधी जबड्यात जाते.

एक सूचना. क्रीक नावानं ज्या लालचुटुक गोड बाटल्या मिळतात त्यातल्या बऱ्याच ज्यूस आणि साखर घालून मऊ केलेल्या असतात. वाईट नसतात, पण तो वेगळा प्राणी. लेबलवर 'आउडे क्रीक', म्हणजे जुनी क्रीक, असं असेल तर ती अस्सल पद्धतीची. ते नाव युरोपात १९९७ पासून संरक्षित आहे. पण प्रत्येक अस्सल बाटलीवर 'आउडे' असतंच असं नाही, आमच्या बाटलीवर नव्हतं. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते, तेव्हा चॉकलेटवाल्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा. इथल्या इथं आंबटाची हौस भागवायची असेल तर पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सनं कोकम आणि मीठ घालून एल केली होती. आपल्या मातीतला आंबटपणा बिअरमध्ये जाऊ शकतो हे कळायला तेवढंही पुरतं.

मामीनं करंगळी बुडवून चाटली. "आगळ बिघडलंय," तिचा निकाल. तिचं माहेर कोकणात, आगळाच्या बाबतीत अपील नाही.

मामानं ग्लास हातात घेतला. प्यायला नाही, वास घेतला. बराच वेळ.

"मोहासारखं नाही," म्हणाला. "पण नातेवाईक आहे."

मग तो मोहावर बोलायला लागला आणि मास्तर एकदा सुरू झाला की बेल होईपर्यंत थांबत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, टप टप आवाज येतो. पाड्यावरच्या बाया उजाडायच्या आत वेचायला जातात. वाळवायची, भिजत घालायची, आपोआप आंबतात, मग मडक्यावर मडकं ठेवून गाळायची. फुलं नुसती भाजूनही खातात, बियांचं तेल काढतात. वाईट वर्षात त्या फुलांवर घरं जगली आहेत. इंग्रजांना हे परवडेना. दारूवरचा कर बुडतो म्हणून १८७८ चा अबकारी कायदा झाला, गाळायचा हक्क गेला, ठेकेदार आले, उरणच्या भट्ट्यांची दारू दुकानात आली. तरी लोक ऐकेनात तेव्हा १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोह कायदा. दारूच नाही, फुलं गोळा करून ठेवण्यावरच बंदी!

"१८९२," मामा म्हणाला. "आणि तानसाचं धरण कधीचं?"

मला माहीत नव्हतं.

"तेही १८९२. एका वर्षात मुंबईला पाणी गेलं आणि आमची फुलं गुन्हा झाली."

फुलांवरचे निर्बंध आपल्या सरकारनं उठवले ते २०२१ मध्ये. दारू गाळणं अजूनही बेकायदाच. तिकडे मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला 'हेरिटेज लिकर' म्हणून मान्यता दिली, आता ती छान बाटलीत विकतात. म्हणजे तीच गोष्ट ब्रसेल्सच्या माळ्यावर झाली तर तिकीट काढून म्युझियम आणि शहापूरच्या पाड्यावर झाली तर धाड. हे मी म्हणतेय, मामा नाही. तो फक्त ग्लास वळवून बघत होता.

पाच वाजता ऊन उतरल्यावर आम्ही माळावर गेलो. आता खरं काम. ब्रसेल्सवालीनं मोबाइलवर दादासाठी व्हिडिओ सुरू केला. बांधाच्या कडेनं करवंदीच्या जाळ्या, मध्ये एक मोह, बाकी गवत आणि दगड. एक ठाकरीण मावशी टोपली घेऊन जाळीत शिरलेली होती. ही रोज येते. तिला कोणी विचारत नाही, ती कोणाला विचारत नाही. मामाला बघून म्हणाली, "मास्तर, पल्याड कंपाउंड पडला. तिकडची जाळी जेसीबीनं काढली. आता आसनगावची गाडी गाठायची तर इथंच यावं लागतं." मग आमच्याकडे बघून, "घ्या ताई," म्हणत मूठभर करवंदं ब्रसेल्सवालीच्या ओंजळीत ओतली. व्हिडिओ आपोआप बंद झाला, हात रिकामा कुठे होता!

परत येताना ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुला स्कारबेकचं सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. क्रीकमध्ये मुळात जी चेरी घालत ती स्कारबेकची. लहान, काळसर, भयंकर आंबट. स्कारबेक हे ब्रसेल्सला लागून असलेलं गाव. तिथले शेतकरी गाढवांवर चेरी लादून शहराच्या बाजारात यायचे, म्हणून त्या गावाला अजूनही 'गाढवांचं गाव' म्हणतात. शहर वाढलं. बागांच्या जागी बिल्डिंगा आल्या. आज स्कारबेकमध्ये ट्राम आहे, घरं आहेत, ती तिथंच तर भाड्यानं राहत होती. चेरी मात्र नाही. थोडी झाडं इकडेतिकडे लोकांच्या परसात उरलीत, ब्रुअर लोक ती शोधत फिरतात, आणि बाकीची चेरी बाहेरून, पार पोलंडहूनसुद्धा मागवतात.

"माझ्या फ्लॅटखाली बस स्टॉपवर गाढवाचं चित्र होतं," ती म्हणाली. "मला तीन महिने वाटत होतं की ती जाहिरात आहे."

मामा पुढे चालत होता. त्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही. मागे न बघता म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, तो शेतकरी नसेल तर ही जमीन त्याच्या नावावर होणार नाही. आधी कागदपत्रं नीट बघावी लागतील. तलाठ्याकडे मी येईन बरोबर, लागलं तर."

मी जागीच थांबले. "मामा, तुला..."

"तुझ्या आईनं बुधवारीच फोन केला होता," तो म्हणाला. "तिला गुपित ठेवता येतं का कधी? तुझं घर व्हायलाच हवं गं. मी नाही कुठं म्हणतोय."

यावर काय बोलायचं असतं? मामानं आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते, पीपीटी तयार होती डोक्यात. ईएमआय, रेट, लोकेशन, सगळं. त्यानं तलाठ्याकडे यायची तयारी दाखवली आणि माझी पीपीटी पहिल्या स्लाइडवर हँग झाली.

रात्री ओटीवर उरलेली बाटली. ब्रसेल्सवालीनं शेवटचा, गाळासकटचा घोट मला दिला. गढूळ, जास्त आंबट आणि का कोण जाणे, जास्त चांगला. मी त्यात दोन करवंदं चिरडून टाकली. तिनं 'अगं अगं' केलं, मग स्वतःच्या ग्लासातही टाकली. चेरी आणि करवंद एकमेकांना ओळखत नव्हती, पण जमलं. चीक मात्र ग्लासाच्या कडेला राहिला, मामीला तो घासताना त्रास झाला असणार.

नऊच्या सुमाराला आईचा फोन. "काय ठरलं?"

"आई, रेंज नाहीये इथं."

"मला तर तू स्पष्ट ऐकू येतेस."

"मला नाही येत," मी म्हटलं आणि ठेवला.

सकाळी निघताना मामीनं रिकामी बाटली विसळून उन्हात पालथी घातलेली. जाड काच, घट्ट तोंड. मामा म्हणाला, ही इथंच ठेव, पावसाआधी मोहाचं तेल काढतील पाड्यावर, भरायला बरी आहे. ब्रसेल्सवालीनं लेबल सोलून घ्यायचा प्रयत्न केला, निघालं नाही. जीपवाला हॉर्न मारत होता.